सृष्टीचे कवी आणि जमिनीचे धनी

इसवी सन १७९७ च्या ऑगस्ट महिन्यात बाथ शहरातील डॅनियल लायसन्स नावाच्या एका डॉक्टराचे पत्र इंग्लंडच्या गृहखात्यात दाखल झाले. सॉमरसेट परगण्यात, समुद्रापासून जवळच असलेल्या ॲल्फॉक्सडेन नावाच्या हवेलीत काही अनोळखी माणसे येऊन राहिली आहेत. घरधन्याबरोबर त्याची बायको नाही, एक तरुण स्त्री मात्र आहे व ती त्याची बहीण म्हणवते. ही मंडळी दिवसा आणि रात्रीही डोंगरातून हिंडतात, बरोबर घडीची बसकी आणि कागदांचे दप्तर वागवतात, त्या कागदांवर कसलीशी टिपणे करतात, आणि जवळच्या ओढ्यातून थेट समुद्रापर्यंत होडी जाते काय याची चौकशी करतात, अशा मजकुराच्या बातम्या त्या सुमारास गृहखात्याकडे पोहोचत होत्या.

त्या हसण्यावारी नेण्याची सरकारची मनःस्थिती नव्हती. फ्रान्सशी युद्ध सुरू होऊन चार वर्षे लोटली होती. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत सुमारे १,४०० फ्रेंच शिपाई वेल्सच्या किनाऱ्यावर फिशगार्डजवळ खरोखरच उतरले होते. त्यांनी दोन-तीन दिवसांत शस्त्रे खाली ठेवली खरी, परंतु पश्चिम किनाऱ्यावरील प्रत्येक खाडी, प्रत्येक ओढा आणि प्रत्येक परका चेहरा यांच्याकडे संशयाने पाहण्याची सवय त्या प्रसंगाने अंमलदारांना जडली होती. गृहमंत्री पोर्टलंडचे ड्यूक यांच्या कचेरीतून जेम्स वॉल्श हा मुरलेला हेर रवाना झाला. नेदर स्टोई गावच्या खाणावळीत त्याने मुक्काम ठोकला, हवेलीवर कामाला जाणाऱ्या माणसांना बोलते केले, आणि थोड्याच दिवसांत वर कळविले की, ही माणसे फ्रेंच नव्हेत. ती सरकारवर रुष्ट असलेल्या इंग्रजांचीच एक उपद्व्यापी टोळी आहे, गावातील टॉमस पूल नावाच्या कातडी कमावणाऱ्या सधन गृहस्थाचा तिला आश्रय आहे, आणि १७९४ साली राजद्रोहाच्या आरोपातून सुटलेला जॉन थेलवॉल नुकताच तिचा पाहुणचार घेऊन गेला आहे.

घरधन्याचे नाव विल्यम वर्डस्वर्थ, वय २७. त्याची ‘बहीण म्हणवणारी’ स्त्री ही खरोखरच त्याची बहीण डॉरथी होती. आणि तीन-चार मैलांवरील नेदर स्टोईतून जवळजवळ रोज चालत येणारा त्यांचा मित्र म्हणजे सॅम्युएल टेलर कोलरिज. ओढ्याविषयीच्या चौकशीचे रहस्य कोलरिजने पुढे १८१७ साली आपल्या वाङ्मयीन आत्मचरित्रात उलगडले: डोंगरमाथ्यावरील उगमापासून समुद्रापर्यंत एका ओढ्याचा प्रवास सांगणारे दीर्घकाव्य लिहिण्याचा त्याचा बेत होता आणि त्यासाठी तो ओढ्याच्या काठाकाठाने टिपणे घेत हिंडत होता. हेराने वाळूच्या बांधाआड दडून आपली तत्त्वचर्चा ऐकली आणि तीत वारंवार येणारे स्पिनोझाचे नाव ऐकून, हे आपल्याच नाकाविषयी बोलत आहेत अशी त्याची समजूत झाली, असाही एक विनोदी किस्सा त्याने तेथे सांगितला आहे. तो कितपत खरा मानावा हा प्रश्न वेगळा. मला स्वतःला या प्रकरणात विनोदापेक्षा गांभीर्यच अधिक दिसते. एकाच ओढ्याकडे सरकार शत्रूच्या होड्यांची वाट म्हणून पाहते आणि कवी एका जीवनाचा आदि आणि अंत म्हणून पाहतो, आणि या दोन दृष्टींची गाठ तत्कालीन राज्यकारभारानेच घालून दिली, ही घटना इंग्रजी रोमँटिक काव्याच्या आरंभीच घडावी हे मला फार अर्थपूर्ण वाटते. निसर्गकविता म्हणजे जगापासून पळ काढणे, असे ज्यांना वाटते त्यांनी हे प्रकरण विसरू नये.

कारण हे तरुण जगाकडे पाठ फिरवून रानात आलेले नव्हते. जगानेच त्यांना मागे लोटले होते. वर्डस्वर्थ १७९० साली केम्ब्रिजच्या सुट्टीत पायी आल्प्सकडे निघाला, तेव्हा फ्रान्सच्या भूमीवर त्याचे पाऊल पडले ते १३ जुलै रोजी, क्रांतीच्या पहिल्या वर्धापनदिनाच्या आदल्या दिवशी. पुढे वर्षभर तो त्या देशात राहिला, मिशेल बोप्वी नावाच्या प्रजापक्षीय सरदाराच्या सहवासात त्याला दारिद्र्याचा प्रश्न हा राज्यव्यवस्थेचा प्रश्न म्हणून दिसू लागला, ॲनेत व्हालाँ या फ्रेंच तरुणीवर त्याचे प्रेम जडले, आणि १७९२ च्या डिसेंबरात तिला मुलगी झाली. दोनच महिन्यांनी दोन्ही देशांत युद्ध पेटले. प्रिया एका तीरावर, मायदेश दुसऱ्या तीरावर. क्रांती गिलोटिनच्या हाती गेलेली आणि मायदेशीचे सरकार सुधारणेचा शब्दही देशद्रोह मानणारे! अशा मनाने तो काही वर्षे भटकला, आणि रेसली कॅल्व्हर्ट या मित्राने मृत्युपत्रान्वये ठेवलेल्या ९०० पौंडांच्या आधाराने बहिणीसह प्रथम डॉर्सेटात व मग ॲल्फॉक्सडेनला येऊन राहिला. हवेली प्रशस्त, भाडे वर्षाला २३ पौंड. तिचा मालक अल्पवयीन असल्यामुळे ती रिकामी पडली होती, एवढेच त्या स्वस्ताईचे कारण.

तेथील ते एक वर्ष इंग्रजी काव्याच्या इतिहासात अपूर्व ठरले. त्याचे श्रेय देताना आपण दोन पुरुषांची नावे घेतो. तिसरे नाव डॉरथीचे घेतले पाहिजे, आणि ते मागून भर म्हणून घेता कामा नये. १७९८ च्या जानेवारीपासून मेपर्यंत तिने लिहिलेली दैनंदिनी आज उपलब्ध आहे. तीत भावनांचे वर्णन जवळजवळ नाही. आहे ते केवळ पाहणे. मार्च महिन्यातील एका नोंदीत, झाडाच्या शेंड्यावर उरलेले एकच पान वाऱ्यावर चिंधीसारखे गरगरत होते, एवढेच ती लिहिते. ‘ख्रिस्ताबेल’ या कोलरिजच्या काव्यातही असेच एक उरलेले तांबडे पान आहे, आणि ते त्याच काळातले आहे. या तिघांच्या सहवासात पान प्रथम कोणाला दिसले हे ठरविण्याचा खटाटोप व्यर्थ होय. परंतु जे दिसले ते जसेच्या तसे, रूपकाचा साज न चढवता, टिपून ठेवण्याची शिस्त डॉरथीची होती, आणि त्या शिस्तीवाचून तिच्या भावाच्या काव्यातील सृष्टी इतकी ठसठशीत झाली नसती असे माझे स्पष्ट मत आहे.

हेराने परत जाऊन काय साधले? कोणाला अटक झाली नाही. पण थेलवॉलच्या भेटीचा बोभाटा झाला होता, हवेलीच्या मालक-कुटुंबाकडे तक्रारी गेल्या होत्या, आणि पूलने लेखी ग्वाही देऊनही १७९८ च्या उन्हाळ्यात करार पुढे चालविण्यात आला नाही. भाऊबहिणींना घर सोडावे लागले. त्याच वर्षीच्या शरद ऋतूत ब्रिस्टलचा पुस्तकविक्रेता जोसेफ कॉटल याने छापलेला एक लहानसा संग्रह कवींच्या नावाशिवाय बाहेर पडला. त्यात २३ कविता होत्या. १९ वर्डस्वर्थच्या, ४ कोलरिजच्या. ‘लिरिकल बॅलड्स’ हे त्याचे नाव. कोलरिजच्या वृद्ध खलाशाची कथा त्याच्या आरंभी होती आणि टिंटर्नच्या मठाजवळील नदीतीरावर रचलेली वर्डस्वर्थची कविता शेवटी. मधल्या पानांत होत्या त्या भिकारणी, वेडसर मुलगा, उतारवयातील शिकारी, थंडीने काकडणारी गरीब म्हातारी. सृष्टिवर्णनाच्या पुस्तकात ही माणसे कशाला आली, असा प्रश्न समीक्षकांना पडला, आणि त्याला उत्तर म्हणून दुसऱ्या आवृत्तीला वर्डस्वर्थने जी प्रस्तावना जोडली तीत, काव्याचा विषय ग्रामीण साधे जीवन आणि काव्याची भाषा माणसांची खरी बोली असावी, अशी भूमिका त्याने घेतली. राजकारणातून हद्दपार झालेली समता त्याने काव्यात आणून वसविली असे म्हटले तर ते फारसे चुकणार नाही.

१७९९ च्या डिसेंबरात भाऊबहीण आपल्या जन्मभूमीकडे, उत्तरेकडील सरोवरांच्या प्रदेशात परतली आणि ग्रासमिअर गावी एके काळी दारूचा गुत्ता असलेल्या एका लहानशा घरात वर्षाला ८ पौंड भाड्याने राहू लागली. तेथे डॉरथीने पुन्हा दैनंदिनी सुरू केली, आणि तीतील ३ ऑक्टोबर १८०० ची नोंद ही माझ्या दृष्टीने त्या संपूर्ण कालखंडातील अत्यंत मोलाच्या गद्यलेखनांपैकी एक आहे. वाटेत त्यांना एक म्हातारा भेटला होता. कंबरेतून जवळजवळ दुमडलेला. बंडीवर कोट नुसता खांद्यावरून टाकलेला, त्याखाली एक बोचके, पुढे ॲप्रन, डोक्याला रात्रीची टोपी. डोळे काळेभोर, नाक लांब. आईबाप स्कॉटलंडचे, तो स्वतः सैन्यातच जन्मलेला. बायको भली होती, देवाने दहा मुले दिली. त्यांतील एकच उरला, तोही खलाशी, आणि त्याची कित्येक वर्षांत खबर नाही. गाडी हाकताना झालेल्या अपघातात पाय मोडलेला, कवटीला इजा झालेली. जळवा वेचून विकणे हा त्याचा धंदा. पण जळवा आता दुर्मिळ झाल्या होत्या. पाऊस कमी पडला हे एक कारण. परंतु मूळ कारण असे की मागणी फार वाढली होती आणि जळवांची पैदास व वाढ सावकाश होते. पूर्वी शंभर जळवांना अडीच शिलिंग पडत, ते आता तीस शिलिंग पडू लागले होते. तेव्हा तो भीक मागत कार्लाइलच्या वाटेला लागला होता; तेथे काही धार्मिक पुस्तके घेऊन ती विकावीत असा त्याचा विचार होता.

दोन वर्षांनी वर्डस्वर्थने या म्हाताऱ्यावर जी कविता लिहिली ती त्याच्या श्रेष्ठ कवितांपैकी एक आहे यात शंका नाही. कवितेतला म्हातारा मात्र भीक मागत नाही. तो निर्जन माळावर, डबक्याच्या काठाशी एखाद्या प्राचीन शिळेसारखा उभा आहे, आणि जळवा दुर्मिळ झाल्या असल्या तरी तो आपला व्यवसाय धैर्याने चालवितो आहे. कवीला स्वतःच्या भविष्याची धास्ती पडली होती, आणि या म्हाताऱ्याच्या अढळ वृत्तीतून त्याला धीर मिळाला. येथे काव्याने सत्याचा अपलाप केला असे मी म्हणणार नाही, कारण धीर मिळाला हेही सत्यच होते. पण बारा पटींनी चढलेला भाव, कोरडी पडलेली डबकी आणि त्यामुळे बुडालेला एका माणसाचा धंदा हे सत्य दैनंदिनीतच राहून गेले. निसर्ग हा माणसाचा गुरू आहे हे भावाने सांगितले. निसर्गातून माणसाने किती उपसले म्हणजे तो रिता होतो, हे बहिणीने जळवांच्या शेकड्याच्या दरासह लिहून ठेवले.

तथापि वर्डस्वर्थला जमिनीच्या प्रश्नाचे भान नव्हते असे समजणे हा त्याच्यावर अन्याय होईल. त्याच १८०० सालच्या ११ ऑक्टोबरला भाऊबहीण ग्रीनहेड नावाच्या ओढ्याच्या घळीत एक मेंढवाडा शोधीत गेली. तो पडक्या स्थितीत सापडला. विषम भाग पडलेल्या हृदयासारखा त्याचा आकार होता, अशी डॉरथीची नोंद आहे. त्यातून ‘मायकेल’ हे काव्य जन्मास आले. म्हातारा मेंढपाळ पुतण्याला जामीन राहतो, पुतण्या बुडतो, जामिनकीची रक्कम म्हाताऱ्याच्या डोक्यावर येते. वाडवडिलांची जमीन विकू नये म्हणून तो एकुलत्या मुलाला पैसा मिळविण्यासाठी शहरात पाठवितो, मुलगा तेथे बिघडतो व परागंदा होतो, मेंढवाडा अपुराच राहतो आणि म्हाताऱ्यामागे जमीन परक्याच्या घशात जाते. आपल्याकडील कोणत्याही सावकारी खटल्याच्या दप्तरात सापडावी अशी ही हकिकत आहे. १८०१ च्या जानेवारीत वर्डस्वर्थने ‘मायकेल’ ज्यात होते त्या ‘लिरिकल बॅलड्स’च्या दुसऱ्या आवृत्तीची प्रत पार्लमेंटातील विरोधी पक्षाचे नेते चार्ल्स जेम्स फॉक्स यांच्याकडे धाडली आणि सोबतच्या पत्रात लिहिले की, स्वतःची लहानशी जमीन स्वतः कसणारे हे स्वतंत्र शेतकरी आता झपाट्याने नाहीसे होत आहेत, आणि कुटुंबातील माया ज्या जमिनीच्या तुकड्याभोवती गुंफलेली असते तो गेला म्हणजे ती मायाही विरून जाते. एका कवीने काव्यसंग्रह हा जणू रयतेचा अर्ज म्हणून पुढाऱ्याच्या हाती द्यावा, ही गोष्ट वाङ्मयाच्या इतिहासात वारंवार घडत नाही. फॉक्सचे उत्तर काही महिन्यांनी आले. ते सौजन्याचे होते, पण इतक्या साध्या विषयाला निर्यमक छंद आपल्याला मानवत नाही, असा अभिप्राय त्यात होता. जमिनीविषयीच्या अर्जाची वासलात छंदशास्त्रात लागली.

या आस्थेमागे घरची जखमही होती. वर्डस्वर्थचा बाप हा त्या भागातील महाबलाढ्य जमीनदार सर जेम्स लोथर, म्हणजेच पुढचा लॉन्सडेलचा अर्ल, याचा मुखत्यार होता. १७८३ साली तो वारला तेव्हा लोथरकडून त्याचे साडेचार हजार पौंडांहून अधिक येणे होते, आणि पाच पोरक्या मुलांनी दावे करूनही तो जमीनदार १८०२ साली मरेपर्यंत ते वसूल झाले नाही. त्याच्या वारसाने मात्र ते सव्याज फेडले. या वारसाविषयीची कृतज्ञता कवीला पुढे फार दूर घेऊन गेली. १८१३ साली त्याच घराण्याच्या वशिल्याने त्याला वेस्टमोरलंडच्या स्टँप खात्यातील वाटपाची नोकरी मिळाली, आणि १८१८ च्या निवडणुकीत तो लोथरांच्या उमेदवारांसाठी जाहीर पत्रके लिहू लागला. त्याच उन्हाळ्यात २२ वर्षांचा जॉन कीट्स पायी स्कॉटलंडकडे जाताना मोठ्या आदराने त्याच्या दर्शनास गेला, तेव्हा कवी घरी नव्हता. प्रचारात गुंतला होता. कीट्सने चिठ्ठी लिहून ठेवली आणि तो खिन्न मनाने पुढे गेला.

आता मला ज्याच्याविषयी विस्ताराने सांगायचे आहे तो कवी अशा सरोवरांच्या आणि पर्वतांच्या देशातला नव्हे. जॉन क्लेअर १३ जुलै १७९३ रोजी नॉर्थॅम्प्टनशायरमधील हेल्पस्टन गावी जन्मला. भूभाग सपाट, डोंगर नाही, धबधबा नाही, प्रवाशांनी वहीत चित्र काढावे असे काही नाही. बाप मळणी करणारा मजूर, आई निरक्षर. पण गावाभोवती जुन्या पद्धतीची खुली शेते होती, गायरान होते, माळ होता, आणि त्यांवर कायद्याने मालकी नसली तरी वहिवाटीने गोरगरिबांचे हक्क होते: गाय चारावी, सरपण गोळा करावे, पीक निघाल्यावर सांडलेले धान्य वेचावे. मुलांना तर हद्द अशी नव्हतीच.

१८०९ साली पार्लमेंटने हेल्पस्टन व शेजारच्या गावांच्या कुंपणबंदीचा कायदा मंजूर केला. अठराव्या शतकाच्या मध्यापासून अशा हजारो कायद्यांनी इंग्लंडची लक्षावधी एकर सामाईक जमीन खाजगी होत चालली होती, आणि त्याची रीत सर्वत्र एकच होती. मोठे जमीनधारक पार्लमेंटात अर्ज करीत. कमिशनर नेमले जात. मोजणीदार साखळ्या घेऊन येत आणि नकाशा तयार करीत. ज्याच्यापाशी दस्तऐवज असेल त्याला वाटा मिळे, नुसती वहिवाट असेल त्याच्या पदरी बहुधा काहीच पडत नसे. आणि लहान वाटा मिळालेल्यालाही कुंपणाचा व मोजणीचा खर्च सोसवत नसल्यामुळे तो बहुतेक वेळा विकूनच टाकावा लागे. हेल्पस्टनचा अंतिम निवाडा १८२० साली झाला. मधल्या अकरा वर्षांत वाटा सरळ झाल्या, ओढे वळविले गेले, जुनी झाडे तोडली गेली, माळावर नांगर फिरला आणि प्रवेशबंदीच्या पाट्या उभ्या राहिल्या. आणि क्लेअर? पोटासाठी त्याला त्याच कुंपणांच्या कामावर मजुरी करावी लागली. लहानपणी ज्या माळावर तो हिंडला त्याच्या भोवती झुडुपांच्या कुंपणाची रोपे लावणाऱ्या हातांत त्याचेही हात होते.

१८२० साली, म्हणजे निवाड्याच्याच वर्षी, त्याचा पहिला संग्रह लंडनच्या जॉन टेलरने प्रसिद्ध केला. ‘नॉर्थॅम्प्टनशायरचा शेतकरी’ अशी कवीची ओळख मुखपृष्ठावर दिली होती, आणि कौतुक इतके झाले की वर्षभरात चार आवृत्त्या निघाल्या. पण गावाच्या नाशाचे खापर संपत्तीच्या माथी फोडणाऱ्या त्याच्या ओळी ॲडमिरल लॉर्ड रॅडस्टॉक या आश्रयदात्याला खपल्या नाहीत. कवीने कृतज्ञ असावे, कुरकुर करू नये, असा त्यांचा आग्रह होता, आणि पुढील आवृत्तीतून त्या ओळी गळाल्या. शेतकऱ्याने फुलांविषयी लिहावे, शेताविषयी लिहू नये, हा तो न्याय! वर्डस्वर्थचा अर्ज निदान पुढाऱ्याच्या टेबलापर्यंत पोहोचला. क्लेअरचा अर्ज त्याच्याच पुस्तकातून फाडून काढण्यात आला.

क्लेअरच्या सृष्टिदर्शनाचे वेगळेपण सांगायचे तर एका कवितेचे उदाहरण पुरे. नाइटिंगेल पक्ष्यावर इंग्रजीत असंख्य कविता आहेत. कीट्सला तो पक्षी अमर गानाचे प्रतीक वाटला आणि कोलरिजला आनंदाचा उद्गाता. क्लेअर काटेरी झुडुपांतून गुडघ्यांवर सरपटत त्याच्या घरट्यापर्यंत जातो. ओकची वाळकी पाने, आतून शेवाळ आणि मऊ गवताचे अस्तर, त्यात पाच अंडी, मळकट हिरवट-तपकिरी रंगाची. पक्षीण भ्यालेली आहे हे ध्यानी येताच तो तिला त्रास न देता परत फिरतो. कीट्सविषयी त्याची तक्रारही हीच होती की शहरात वाढल्यामुळे तो सृष्टी डोळ्यांना दिसते तशी न सांगता कल्पनेला सुचते तशी सांगतो. दोघांचा प्रकाशक एकच, पण भेट कधीच झाली नाही. कीट्सच्या प्रतिभेची उंची क्लेअरपाशी नाही हे मान्य केले पाहिजे. परंतु ज्याला घरट्याची जागा ठाऊक आहे त्यालाच ती जागा नांगराखाली गेल्याचे दुःख ठाऊक असते, आणि हे दुःख त्या युगातील अन्य कोणत्याही मोठ्या कवीने इतक्या जवळून गायिले नाही. एका कवितेत तर त्याने कुंपणबंदीत हातची गेलेली जमीनच बोलती केली. फिर्यादी स्वतः भूमीच.

त्याचा पुढचा इतिहास करुण आहे, आणि तो मी थोडक्यातच सांगतो. पुढची पुस्तके खपली नाहीत. १८३२ साली हितचिंतकांनी त्याला तीन मैलांवरच्या दुसऱ्या गावी चांगले घर दिले, तर तेथे त्याला सूर्यसुद्धा परका वाटू लागला. १८३७ साली मनोविकारामुळे त्याला लंडनजवळच्या एपिंग अरण्यातील आश्रमात ठेवण्यात आले. १८४१ च्या जुलैत तो तेथून निसटला आणि सुमारे ८० मैल अंतर चार दिवसांत, रस्त्याकडेचे गवत खात, पायी तोडून घराकडे आला. डिसेंबरात त्याला नॉर्थॅम्प्टनच्या वेड्यांच्या इस्पितळात नेले. तेथे तो २२ वर्षे राहिला, लिहीत राहिला, आणि २० मे १८६४ रोजी वारला.

इकडे राजकवीच्या पदावर चढलेला वृद्ध वर्डस्वर्थ १८४४ साली अखेरच्या लढ्यास उभा राहिला. केंडलहून विंडरमिअर सरोवराकडे रेल्वे आणण्याची योजना निघाली होती. त्याने एक सुनीत लिहिले आणि ‘मॉर्निंग पोस्ट’ पत्रात दोन पत्रे प्रसिद्ध केली. लोहमार्गामुळे जुन्या लहान वतनदार शेतकऱ्यांच्या जमिनी चिरल्या जातील, हा त्याचा मुद्दा त्याच्या तारुण्यातील निष्ठेशी सुसंगत होता. परंतु लँकेशायरच्या गिरण्यांतील मजूर झुंडीने येतील, सृष्टिसौंदर्याची गोडी त्यांना एकाएकी लागणार नाही, म्हणून त्यांना गाड्या भरभरून येथे आणण्यात त्यांचे हित नाही, हा त्याचा दुसरा मुद्दा मला मुळीच पटत नाही. ज्या कवीने भिकाऱ्याच्या आणि मेंढपाळाच्या हृदयात काव्याचे अधिष्ठान शोधले, आणि ज्याने आपल्या सरोवर-प्रदेशाच्या मार्गदर्शिकेत ही भूमी पाहण्याची दृष्टी असलेल्या सर्वांचीच सामाईक मिळकत होय अशी उदार कल्पना मांडली, त्याने गिरणीकामगाराच्या डोळ्यांवर अविश्वास दाखवावा, ही त्याच्या काव्याने केलेल्या प्रतिज्ञेची हानी होती. १८४७ च्या एप्रिलमध्ये रेल्वे आली. पण ती सरोवराच्या अलीकडे थांबली, आणि ग्रासमिअरपर्यंत ती कधीच गेली नाही.

त्याची ती सामाईक मिळकतीची कल्पना मात्र फुकट गेली नाही. १८६५ साली स्थापन झालेल्या गायरान-संरक्षण संस्थेने लंडनभोवतीच्या मोकळ्या जमिनींसाठी न्यायालयांत झगडून कित्येक कुंपणे पाडविली, आणि १८७८ साली, ज्या एपिंग अरण्यातून क्लेअर पळाला होता तेच अरण्य, लोकांच्या उपभोगासाठी खुले राखणारा कायदा झाला. त्या संस्थेचे वकील रॉबर्ट हंटर यांनी ऑक्टेव्हिया हिल आणि सरोवर-प्रदेशातील पाद्री हार्डविक रॉन्स्ली यांच्यासह १८९५ साली ‘नॅशनल ट्रस्ट’ स्थापिला.

त्याच १८७८ साली, त्याच इंग्रज सरकारने हिंदुस्थानात जंगलाचा कायदा केला. पण तो उलट दिशेचा होता. त्यान्वये राखीव ठरलेल्या रानांतून रयतेचे चराईचे व सरपणाचे वहिवाटी हक्क आक्रसत गेले. आमच्या महाविद्यालयांत त्या काळी पाल्ग्रेव्हचा काव्यसंग्रह वाचला जात होता, वर्डस्वर्थच्या कविता त्यात सर्वांत अधिक होत्या, आणि त्या वाचनातून केशवसुतांच्या पिढीला नवी दृष्टी लाभली हे मराठी काव्याचे भाग्यच होय. परंतु त्या काव्यामागील गायरानाची, कुंपणाची आणि मोजणीदाराच्या साखळीची कथा त्या संग्रहाबरोबर आपल्याकडे आली नाही. ती आपल्या भूमीत स्वतंत्रपणे लिहिली जोतीराव फुल्यांनी: १८८३ साली लिहून झालेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात जंगलखात्याने गावोगावची गायराने व डोंगर बळकावल्याची आणि शेतकऱ्याच्या जनावरांना पाय ठेवायला जागा न उरल्याची त्यांची फिर्याद आहे. क्लेअरचे नाव त्यांनी ऐकले असेल असे मानण्यास काहीच आधार नाही, आणि तरीही तो नॉर्थॅम्प्टनशायरचा मजूर-कवी त्या काळच्या मराठीत कोणाशी बोलू शकला असता, तर तो फुल्यांशीच.

म्हणून जे अध्यापक आजही वर्डस्वर्थची डॅफोडिलची कविता वर्गात शिकवितात त्यांना माझी विनंती आहे. ती जरूर शिकवावी. पण त्याबरोबर १५ एप्रिल १८०२ ची डॉरथीची नोंद वाचून दाखवावी, म्हणजे त्या दिवशी कवी एकटा नव्हता हे मुलांना कळेल. जळवा वेचणाऱ्या म्हाताऱ्याची नोंद वाचावी. क्लेअरची घरट्यावरची कविता वाचावी. आणि त्याच आठवड्यात ‘असूडा’तील जंगलखात्याविषयीची पाने मुलांपुढे ठेवावीत. निसर्गकाव्याचा अभ्यासक्रम याहून अपुरा असू नये.